तिला कारण कशाला लागतं? रहस्यकथा लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि छापणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

मी गेली तीसेक वर्षं क्राइम फिक्शन वाचतेय आणि चार-पाच वर्षांपासून थोडंफार लिहितेय पण. तुमच्यातल्या कितीतरी जणांची पुस्तकं मी रात्र रात्र जागून वाचलीत, काही तर पाठ आहेत. त्यामुळे जे लिहितेय ते आपल्या माणसांना लिहितेय असंच समजून लिहितेय, विषय आपल्या कथांतल्या बाई डिटेक्टिव्हचा आहे, राग आला तर येऊ दे पण शेवटपर्यंत वाचा.

झालं असं की मागच्या वर्षी मी एक मोठी कथा एका ठिकाणी पाठवली. नाव घेत नाही, घ्यायची गरजपण नाही, कारण त्या जागी दुसरं कुणी असतं तरी बहुतेक हेच झालं असतं. माझी डिटेक्टिव्ह ४६ वर्षांची आहे, इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासते. एका घरी एकटा राहणारा म्हातारा माणूस झोपेत गेलाय, डॉक्टरांचा दाखला आहे, पुतण्या रडतोय, कुणाला कसलाच संशय नाही. ही सही घ्यायला जाते आणि कागद शोधताना कपाट उघडलं जातं. आत चार चादरी. खालच्या तीन चादरींची घडी तिहेरी आहे, कडा आत वळवलेल्या, सगळ्या एकावर एक अगदी एका मापात. सगळ्यात वरची मात्र दुहेरी घातलेली आणि कड बाहेर. आता ज्याने आयुष्यभर घड्या घातल्यात त्याला माहितीये की घडी बदलत नाही, हाताला सवय लागलेली असते, ती अक्षरासारखी असते. म्हणजे वरची चादर दुसऱ्याच कुणीतरी धुऊन ठेवलीय. एकट्या माणसाच्या घरात त्याची चादर धुवायची घाई कुणाला झाली आणि का, इथून माझी कथा सुरू होते.

एडिटरना चादर फार आवडली. खरंच आवडली, त्यांनी तीनदा लिहिलं होतं. पण मग पुढे लिहिलं की ही बाई या भानगडीत का पडते ते कळत नाही, हिच्या आयुष्यात काहीतरी घडलेलं दाखवा, लहानपणी किंवा लग्नात, एखादा अत्याचार, एखादं मूल गेलेलं, म्हणजे वाचक कनेक्ट होईल.

मी त्या रात्री बसून दोन पानं लिहिली. तिच्यावर काय काय झालं ते लिहिलं. हात आपोआप चालत होता हो, काही सुचायची गरजच पडली नाही, कारण ती दोन पानं मी शंभर पुस्तकांत वाचलेली होती. सकाळी परत वाचली आणि मला कसंतरीच झालं. एका बाईला चादरीची घडी दिसावी म्हणून मी तिला आधी एका खोलीत कोंडून मार खायला लावला होता. पानं डिलीट केली, कथा परत पाठवली नाही, आणि एक वही काढली.

त्या वहीत मी दोन रकाने केलेत. डावीकडे डिटेक्टिव्हचं नाव, उजवीकडे तो किंवा ती हे काम का करते. पुरुषांच्या नावांपुढे उजवा रकाना कितीतरी ठिकाणी रिकामाच आहे. एडगर अ‍ॅलन पोचा १८४१ चा द्यूपँ, कारण काही नाही, डोकं चालवायला मजा येते. १८८७ चा होम्स, डोक्याला काम नसलं की त्याला जगणं नकोसं होतं, बास, एवढंच, आणि गेली सव्वाशेहून जास्त वर्षं आपल्याला ते पुरेसं वाटलंय. अगाथा ख्रिस्तीचा १९२० चा प्वारो, रिटायर झालेला पोलिस, हुशारी आहे आणि ती वापरायला आवडते. यांच्यापैकी एकालाही कुणी विचारलं नाही की बाबा रे तुझ्यावर असं काय बेतलं होतं.

बायकांच्या नावांपुढचा रकाना मात्र भरून वाहतोय.

सुरुवात १८६४ पासून करते. त्या एकाच वर्षात लंडनमध्ये बाई डिटेक्टिव्हची दोन पुस्तकं आली. गंमत बघा, लंडनच्या पोलिसात बायकांची पहिली अधिकृत तुकडी १९१९ ला आली, म्हणजे कागदावरची बाई खऱ्या बाईच्या पन्नासेक वर्षं पुढे होती. यातल्या 'रेव्हेलेशन्स ऑफ अ लेडी डिटेक्टिव्ह' मधल्या मिसेस पाश्कलबाई विधवा आहेत, नवरा गेल्यावर पैसे नाहीत म्हणून काम धरलंय. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. एका श्रीमंत बाईच्या मागावर असताना जमिनीतलं एक भुयार सापडतं, खाली उतरायचंय, आणि अंगावर क्रिनोलिन, म्हणजे तो घागऱ्याखालचा पिंजरा. मिसेस पाश्कल तो सरळ काढते, तिथेच जमिनीवर टाकते आणि अंधारात उतरते. त्या एका वाक्यात जे आहे ना, ते पुढच्या कित्येक जाडजूड कादंबऱ्यांत नाहीये. तिने भाषण केलं नाही, अडचण होत होती ती काढून टाकली आणि कामाला लागली.

पण मला खरं सांगायचंय ते त्याच वर्षीच्या दुसऱ्या पुस्तकाबद्दल, 'द फीमेल डिटेक्टिव्ह'. अँड्र्यू फॉरेस्टर या टोपणनावाने एका पुरुषानेच लिहिलेलं. त्यातली बाई सुरुवातीलाच वाचकाला म्हणते की मी कोण याने काय फरक पडतो. कदाचित पोटापाण्याचा दुसरा मार्ग नव्हता म्हणून मी हा धंदा धरला असेल, कदाचित मला या तपासाची अशी ओढ होती की ती आवरता आली नाही, कदाचित मी मुलांसाठी राबणारी विधवा असेन नाहीतर लग्न न झालेली बाई असेन. आणि सांगत नाही! चार कारणं पुढे ठेवते, त्यात 'ओढ होती' हेपण असतं, आणि एकावरही बोट ठेवत नाही.

१८६४ ला हे लिहून झालंय. तुमच्या-माझ्या आधी अगदी सुरुवातीच्या बाई डिटेक्टिव्हने हा प्रश्न ऐकला आणि उत्तर द्यायचं नाकारलं. मग आपण मागे का गेलो?

आणि गेलोच. वही उघडते. १८९७ ची डॉर्कस डीन, हुशार नटी, नवरा चित्रकार, तो आंधळा होतो म्हणून ती डिटेक्टिव्ह होते. १९०० ची डोरा मर्ल, केंब्रिजला शिकलेली, डॉक्टरकीत जम बसत नाही म्हणून दुसऱ्या नोकऱ्या करत करत इथे पोचते, आणि १९०९ च्या पुस्तकात दुसऱ्या एका डिटेक्टिव्हशी लग्न करून काम सोडते. पुढच्या पुस्तकात डिटेक्टिव्ह कोण, तर यांचा मुलगा. १९१० ची लेडी मॉली, स्कॉटलंड यार्डात बायकांच्या विभागात मोठ्या मानाने काम करते, केसमागून केस सोडवते, आणि शेवटी कळतं की हे सगळं कशासाठी तर तुरुंगात खितपत पडलेल्या नवऱ्याचं निर्दोषपण सिद्ध करायला. ते झालं की नोकरी बंद. म्हणजे ज्या दिवशी कारण संपलं त्या दिवशी बाई संपली. कारण देण्यात हीच गोम आहे. कारण दिलं की ते काढूनपण घेता येतं. होम्सकडून काय काढून घेणार, त्याला कारणच नव्हतं, त्यामुळे धबधब्यात ढकलून दिला तरी परत आला.

या सगळ्यांत एक लव्हडे ब्रुक आहे, कॅथरीन लुइझा पर्किस या बाईने लिहिलेली, १८९४ चं पुस्तक. तिलापण गरिबीमुळे काम धरावं लागतं, पण त्याला लेखिका मोजून दोन-चार वाक्यं देते, अचानक पैसा गेला, हातात विकण्यासारखी कला कुठली नव्हती, मग तिने लोक काय म्हणतील ते बाजूला ठेवून हा पेशा निवडला, ओळखीपाळखीचे सगळे तुटले. संपलं. मग पुढे फक्त काम. दिसायला कशी, तर ना उंच ना बुटकी, ना गोरी ना सावळी, लक्षात राहणार नाही अशी, आणि कामाला हेच सगळ्यात उपयोगाचं. शेवटी लग्न नाही की पश्चात्ताप नाही. १३० वर्षं होऊन गेली या पुस्तकाला.

कुणी म्हणेल की तेव्हा बायकांना काम करायला कारण लागायचंच, लेखक तरी काय करणार. मान्य, थोडं. पण खऱ्या आयुष्यात काय झालं ते बघा. १८५६ ला शिकागोत केट वॉर्न नावाची विशीतली विधवा पिंकर्टन या खासगी डिटेक्टिव्ह एजन्सीच्या ऑफिसात गेली. पिंकर्टनला वाटलं क्लार्कची जागा मागायला आलीय. तिने सांगितलं मला डिटेक्टिव्ह व्हायचंय, आणि का घ्यावं तेपण तिनेच पटवलं, की जिथे पुरुषांना शिरता येत नाही तिथे बाईला शिरता येतं, बायका बाईशी बोलतात, आणि फुशारकी मारणारे पुरुष बाईसमोर जास्तच मारतात. दुसऱ्या दिवशी तिला घेतलं. १८६१ ला खुनाच्या कटाच्या भीतीने लिंकनला बाल्टिमोरमधून गुपचूप वॉशिंग्टनला नेलं त्या बेतात ती होती. आता ती विधवा होती हे खरं, पैसे लागत असणार हेपण खरं. पण तिने टेबलावर काय ठेवलं? दुःख ठेवलं नाही. मला काय येतं ते ठेवलं.

मला काय येतं. हा माझ्या पत्रातला खरा मुद्दा आहे आणि इथे मी जरा थांबणार आहे.

१९१६ ला सुझन ग्लास्पेलने 'ट्रायफल्स' नावाची एकांकिका लिहिली, पुढच्या वर्षी त्याचीच कथा केली. त्याआधी ती आयोवात वार्ताहर होती, एका शेतकऱ्याच्या खुनाचा आणि त्याच्या बायकोवरच्या खटल्याचा सगळा वृत्तांत तिने पेपरला दिला होता, तेच डोक्यात राहिलेलं. एकांकिकेत शेतकरी गळा आवळून मेलाय, बायको कोठडीत आहे. शेरीफ आणि सरकारी वकील घरभर पुरावा शोधतायत, वर जातात, गोठ्यात जातात. त्यांच्यासोबत आलेल्या दोन बायका स्वयंपाकघरात थांबल्यात, कोठडीतल्या बाईला लागणाऱ्या चार वस्तू घ्यायला. आणि त्यांना दिसतं. टेबल अर्धंच पुसलंय. गोधडीचे सगळे तुकडे सुबक शिवलेत आणि एकाच तुकड्यावर टाके वेडेवाकडे, जसे हात थरथरत होते तसे. पिंजऱ्याचं दार मोडलंय, पक्षी नाही. शिवणाच्या डब्यात रेशमी कापडात तो पक्षी, मान पिरगळलेली. पुरुष मधून मधून येतात, बायका गोधडीबद्दल बोलतायत हे ऐकून हसतात आणि जातात. आख्खा खून त्या खोलीत उलगडून पडलाय आणि ज्यांच्या हातात कायदा आहे त्यांना तो वाचताच येत नाही. त्या वेळी तिथे बायकांना ज्युरीत बसता येत नव्हतं, आणि तिने कथेचं नाव काय ठेवलं, तर 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स', तिच्यासारख्यांची ज्युरी.

त्या दोघी डिटेक्टिव्ह का झाल्या? कारण त्यांनी आयुष्यभर टाके घातलेत. त्यांना वाकडा टाका दिसतो. मला विचाराल तर रहस्यकथेतला फेमिनिझम इथे आहे, त्या टाक्यात आहे. बाईच्या हातात पिस्तूल दिलं, तिला लेदर जॅकेट घातलं, तिने दोघांना लोळवलं, हे सगळं वाचायला मलाही आवडतं, पण त्याने काय बदलतं? बदलतं तेव्हा, जेव्हा बाईला जे रोजच्या जगण्यातून कळतं ते 'फालतू' न राहता पुरावा म्हणून टेबलावर येतं.

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल, खेड्यात राहणारी म्हातारी, हेच करते ना. आणि ती कुठून आली ते ऐका. १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' मध्ये डॉक्टरची बहीण आहे, कॅरोलाइन, घराबाहेर न पडता गावातली प्रत्येक बातमी तिला ठाऊक. अगाथा ख्रिस्तीला हे पात्र फार आवडायचं. पुस्तकाचं नाटक झालं तेव्हा नाटकवाल्यांनी त्या प्रौढ बाईला काढून तिथे एक तरुण सुंदर मुलगी घातली. ख्रिस्तीने आत्मचरित्रात लिहिलंय की तिला ते अजिबात आवडलं नाही आणि मार्पलचं बीज तिथे असावं. पहिली मार्पलची कथा १९२७ च्या डिसेंबरमधली, पहिली कादंबरी १९३०. एकूण १२ कादंबऱ्या, आणि मार्पलच्या पुढचा उजवा रकाना माझ्या वहीत रिकामा आहे! नवरा मेलेला नाही, मूल गेलेलं नाही, कुणी छळलेलं नाही. तिला माणसांत इंटरेस्ट आहे. ज्याला सगळे चोंबडेपणा म्हणतात ती तिची विद्या आहे. बाईने बोललं तर गॉसिप आणि पुरुषाने विचारलं तर चौकशी, हा फरक तिने न बोलता मोडून टाकला. तिला गोड म्हातारी म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी तिला नीट वाचलेलं नाही.

दुसरा रिकामा रकाना नॅन्सी ड्रूचा, तोही १९३० चाच. सोळा वर्षांची पोरगी, स्वतःची गाडी, रहस्य दिसलं की निघाली. का, तर आवडतं म्हणून. पहिली पुस्तकं लिहिणाऱ्या मिल्ड्रेड वर्टला एका पुस्तकाचे ठरावीक १२५ डॉलर मिळायचे आणि नाव कॅरोलिन कीन हे टोपण, तिचं खरं नाव कितीतरी वर्षं बाहेर आलं नाही, यावर खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं. पण त्या मुलीने काय केलं ते सांगते. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टावर गेलेल्या सँड्रा डे ओकॉनर, रूथ बेडर गिन्सबर्ग आणि सोनिया सोटोमायोर या तिघींनी लहानपणी नॅन्सी ड्रू वाचल्याचं सांगितलंय. जिला कुठलंही कारण दिलं नव्हतं ती मुलगी वाचून तीन मुली न्यायाधीश झाल्या असं मी म्हणणार नाही, इतकं सरळ काही नसतं, पण वाचक कनेक्ट होत नाही असं जेव्हा मला सांगितलं जातं तेव्हा मला या तिघी आठवतात.

मग १९७२ ला पी. डी. जेम्सने कॉर्डेलिया ग्रे लिहिली, बावीस वर्षांची, पार्टनर मेल्यावर एजन्सी तिच्या गळ्यात पडते, आणि पुस्तकाचं नावच बाईला न शोभणारा धंदा असं. ते नाव म्हणजे तिला जो तो ऐकवतो ते वाक्य आहे. १९७७ ला मार्शा मुलरची शेरन मकोन आली, आणि १९८२ ला एकाच वर्षात सारा पॅरेट्स्कीची व्ही. आय. वॉर्शॉस्की आणि सू ग्राफ्टनची किन्सी मिलहोन. पॅरेट्स्की तेव्हा इन्शुरन्स कंपनीत नोकरी करत होती (माझी चादरवाली बाई इन्शुरन्समध्ये आहे ते यामुळेच, तो माझा नमस्कार आहे तिला). किन्सी पहिल्याच परिच्छेदात सांगते, मी प्रायव्हेट इन्व्हेस्टिगेटर आहे, लायसन्स आहे, बत्तीस वर्षांची आहे, दोनदा घटस्फोट झालाय, मूल नाही. घटस्फोट वयासारखा सांगितलाय, माहिती म्हणून. तो तिच्या कामाचं इंजिन नाही. वाचताना मी पुस्तक खाली ठेवून नुसती बसून राहिले होते, असं लिहिता येतं हे तोपर्यंत मला माहीतच नव्हतं.

आणि हे सहज झालं नाही. कॅरोलिन हाइलब्रन कोलंबिया युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवायची, १९६४ पासून अमांडा क्रॉस नावाने प्रोफेसर बाईच्या रहस्यकथा लिहायची, आणि नोकरी पक्की होईपर्यंत तिने ते लपवून ठेवलं. १९८६ ला पॅरेट्स्की आणि बाकीच्या लेखिका एकत्र आल्या, 'सिस्टर्स इन क्राइम' ही संघटना उभी केली, आणि कुठल्या पेपरात कुणाच्या पुस्तकांची परीक्षणं येतात ते मोजायला घेतलं. नुसतं मोजलं! तपासच तो, डिटेक्टिव्हच्याच पद्धतीने.

१९९१ ला टीव्हीवर 'प्राइम सस्पेक्ट' ही मालिका आली, त्यातली पोलिस अधिकारी जेन टेनिसन, जॅकी माल्टन या खऱ्या पोलिस अधिकारी बाईशी बोलून लिंडा ला प्लांटने लिहिलेली. तिच्यापुढे मी 'हवंय' असं लिहिलंय. तिला केस हवी आहे, खुर्ची हवी आहे, तिची लायकी आहे आणि तिला डावललं जातंय, बास. तिची महत्त्वाकांक्षा हेच तिचं कारण. पण २००६ च्या शेवटच्या भागात येईपर्यंत ती एकटी, दारूत बुडालेली. हेलन मिरनने ते अप्रतिम केलंय, मला त्यात काही खोट काढायची नाही. फक्त तेव्हापासून जी काही बाई इन्स्पेक्टर लिहिली जाते ती रात्री एकटी बाटली घेऊन बसतेच, हे जे झालंय ना, ते आपण थांबून बघायला हवं. आधी जखम द्यायची, मग तिच्या जोरावर काम, आणि शेवटी त्या कामाची शिक्षा.

आता सगळ्यात अवघड गोष्ट बोलते. तुम्ही म्हणाल की बायकांवर हिंसा होते, खूप होते, मग ती लिहायची नाही का. लिहा. कृपा करून लिहा, धडधडीत लिहा. स्टीग लार्सनच्या २००५ च्या पुस्तकाचं स्वीडिश नाव 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष' असं आहे. इंग्रजीत येताना ते 'ड्रॅगनचा टॅटू असलेली मुलगी' झालं. नावात गुन्हा करणारे होते, ते गेले, आणि टॅटू असलेली मुलीची पाठ आली. मला वाटतं आपल्या सगळ्या बाजाराची गोष्ट त्या बदललेल्या नावात आहे. त्या पुस्तकात त्या मुलीवर, लिस्बेथवर, अत्याचार होतो, तो वाचवत नाही, पण तिची हुशारी, ते कॉम्प्युटर, ती एकदा बघितलं की न विसरणारी नजर, हे त्या अत्याचारातून आलेलं नाही, ते तिचं आहे. हा फरक ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

२०१८ ला ब्रिजेट लॉलेस या लेखिकेने 'स्टाँच बुक प्राइझ' काढलं, ज्या थ्रिलरमध्ये एकाही बाईला मारहाण, पाठलाग, लैंगिक शोषण, बलात्कार किंवा खून होत नाही अशाच पुस्तकाला. तेव्हा कितीतरी क्राइम लेखिकांनी विरोध केला, की आम्ही जे खरं आहे ते लिहितो आणि तुम्ही तेच बाद करता. मी तेव्हा दोन्हीकडचं वाचून गोंधळले होते. आज मला विरोध करणाऱ्यांचं जास्त पटतं. प्रश्न हिंसा लिहायची की नाही हा नाहीच, ती कुणाच्या कामाला येते हा आहे. पुरुष डिटेक्टिव्हला दुःख द्यायचं असलं की त्याची बायको किंवा मुलगी मारली जाते. बाई डिटेक्टिव्हला काम द्यायचं असलं की तिच्यावरच अत्याचार होतो. दोन्ही रकान्यांत मार बाईलाच.

आणि गरज हे कारण मी कमी लेखत नाही, हे नीट सांगायला हवं नाहीतर माझं बोलणं पोट भरलेल्या बाईचं होईल. हौस म्हणून तपास करायला रिकामा वेळ लागतो, तो सगळ्यांकडे नसतो. बार्बरा नीलीची ब्लँच व्हाइट, १९९२ ची, लोकांच्या घरी काम करणारी काळी बाई, चेक वटले नाहीत म्हणून शिक्षा झालेली, पळालेली, आणि ज्या घरात लपून काम धरते तिथेच माणसं मरायला लागतात. ती जीव वाचवायला तपास करते. पण कशाच्या बळावर? मालक लोक तिच्यासमोर फर्निचरसमोर बोलावं तसं बोलतात, तिला घरातला प्रत्येक जण कसा खातो, कसा झोपतो, काय लपवतो ते माहितीये, आणि दुसऱ्या घरांत काम करणाऱ्या बायकांचं जाळं आहे जे कुठल्याही पोलिस स्टेशनपेक्षा लवकर खबर आणतं. सुजाता मॅसीची परवीन मिस्त्री, २०१८ च्या पुस्तकातली, १९२१ च्या मुंबईतली वकील, पडद्यातल्या विधवांशी बोलू शकते कारण ती बाई आहे. तिचं लग्न भयंकर मोडलंय आणि अर्धं पुस्तक त्याचंच आहे, तरी कायदा शिकायची तिची इच्छा त्या लग्नाच्या आधीची आहे. बघा, जमतं. दुःख ठेवूनपण जमतं, फक्त ते तिच्या बुद्धीची पावती म्हणून लावायचं नाही.

तेव्हा मागणं काय आहे ते सरळ सांगते. लिहिणाऱ्यांनो, तुमच्या बाई डिटेक्टिव्हचा जो भूतकाळाचा चॅप्टर आहे, बहुतेक तिसरा नाहीतर सातवा असतो, तो काढून उरलेली कथा एकदा वाचून बघा. ती उभी राहत असेल तर तो चॅप्टर कशाला हवा होता ते स्वतःला विचारा. पडत असेल तर तिला काय येतं ते तुम्ही लिहायचं विसरलात, ते लिहा. एडिटर मंडळींनो, 'ही यात का पडते' हा प्रश्न विचारायला माझी हरकत नाही, पण मग पुढच्या पुरुषाच्या हस्तलिखितावरपण तोच लिहा, त्याच पेनाने. आणि छापणाऱ्यांनो, कव्हरवर पाठमोरी पळणारी बाई पुरे झाली आता, जी बघतेय ती बाई दाखवा, तिचे डोळे दाखवा.

माझी कथा मी या आठवड्यात परत पाठवतेय, दुसरीकडे. बाई ४६ वर्षांचीच आहे, नवरा आहे, बरा आहे, कथेत त्याला दोन ओळी आहेत. एडिटरनी विचारलं होतं म्हणून एक वाक्य नवीन घातलंय. कपाटासमोर उभी असताना पुतण्या तिला विचारतो, तुम्हाला काय करायचंय एवढं खोलात जाऊन. ती वरची चादर उचलते, उलगडते, आणि आपल्या पद्धतीने परत घडी घालायला लागते.

तुमची,
एक वाचक